लॉकडाउनमुळे भाडं माफ झालं नव्हतं
‘महामारी म्हणजे दैवी आपत्ती, करार आपोआप रद्द, भाडं माफ’ हा समज 2020पासून फिरतोय. चूक आहे.

करारात अशा आपत्तीत सवलत देणारं कलम असेल, तर सवलत त्यात लिहिली तेवढीच, आणि ज्याला दिली त्यालाच. एप्रिल 2020मध्ये कोरियाहून पोलाद मागवणारे आयातदार लॉकडाउनचं कारण देत पैसे थांबवायला मुंबई उच्च न्यायालयात गेले, तर कलम निघालं फक्त विक्रेत्याच्या बाजूचं! बँकेतून जाणारे पैसे अडवायला कोर्टाने नकार दिला.

कलमच नसेल तर 1872च्या करार कायद्याचं कलम 56 उरतं. त्याने करार रद्द ठरतो, पण त्यासाठी काम अशक्य व्हावं लागतं; नुसतं तोट्याचं झालेलं चालत नाही. चालू भाडेपट्ट्यांना तर ते लागूच नाही. दिल्लीच्या खान मार्केटमधल्या दुकानदाराला मे 2020मध्ये भाडं भरायला थोडी मुदत मिळाली, बस्स.