पाणउतारा झाला की माहिती अडते

जून 2025 मधला तो व्हिडिओ गोव्यात बहुतेकांनी पाहिला असेल. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, कॅज्युअल्टीमध्ये, आरोग्यमंत्री एका वैद्यकीय अधिकाऱ्याला कॅमेऱ्यांसमोर खडसावत होते, निलंबित करा म्हणत होते. पुढे डॉक्टर आंदोलनाला उतरले, निलंबन होणार नाही असं मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं आणि मंत्र्यांनी माफी मागितली. चूक कोणाची यावर तेव्हा नाक्यानाक्यावर बोलून झालंच आहे. मला वेगळाच प्रश्न पडला. असा पाणउतारा झाल्यावर आसपासच्या माणसांच्या कामाचं काय होतं?

याचं उत्तर शोधणारा एक सुरेख प्रयोगही इस्पितळातलाच आहे. 2015 साली ‘पेडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात तो छापून आला. इस्रायलमध्ये नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागांत काम करणाऱ्या 24 पथकांना सरावासाठी एक प्रसंग दिला होता. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची प्रकृती एकाएकी ढासळते. कारण आतड्याचा एक जीवघेणा आजार. तो ओळखायचा आणि उपचार सुरू करायचे. सोबत परदेशातला एक ‘तज्ज्ञ’ होता. काही पथकांशी तो साधं, कामापुरतं बोलला. इतरांना त्याने ऐकवलं की इथली वैद्यकीय सेवा काही खास वाटली नाही, असे लोक माझ्या विभागात आठवडाभरही टिकले नसते. एवढंच. शिवी नाही, कोणाचं नाव नाही.

तेवढ्याने टोमणा खाल्लेल्या पथकांचं निदानही घसरलं आणि हातचं कामही. का, तेही संशोधकांनी तपासलं. ही माणसं एकमेकांना माहिती कमी सांगत होती, त्यामुळे निदान हुकत होतं. मदतही कमी मागत होती, त्यामुळे प्रत्यक्ष उपचारात चुका होत होत्या. म्हणजे ज्ञान कुठे गेलं नव्हतं. ते तोंडातून बाहेर पडत नव्हतं.

शरीराच्या पातळीवर काय घडतं याचा अंदाज 2004 मधल्या एका आढाव्यातून येतो. सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी ताणावरचे 208 प्रयोग एकत्र तपासले. कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक सगळ्यात जास्त कधी वाढलं? चारचौघांत आपली लायकी जोखली जात असताना, आणि परिणाम आपल्या हातात नसताना. ते खाली यायलाही तेव्हाच सगळ्यात जास्त वेळ लागला. त्यात आपलं चालू स्मरण, म्हणजे हातातलं काम डोक्यात धरून ठेवणारी जागा, फारच चिंचोळी. ‘मला असं का बोलले’ हा विचार तिथे ठाण मांडून बसला की औषधाच्या मात्रेला जागा उरत नाही. क्रिस्टिन पोरॅथ आणि अमिर एरेझ यांच्या प्रयोगांत तर उर्मटपणा नुसता पाहणाऱ्यांचंही काम बिघडलं.

‘आम्ही बोलणी खाऊनच शिकलो’ हा युक्तिवाद हॉटेलच्या किचनपासून सरकारी कचेरीपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. शिकलो हे खरं, पण बोलण्यांमुळे शिकलो की बोलणी खाऊनही, हे कोणी तपासलेलं नसतं. डिसेंबरच्या सीझनमध्ये किनाऱ्यावरच्या एखाद्या किचनमध्ये फ्रीज नीट गार होत नाहीये हे सगळ्यात आधी हेल्परला कळतं. काल सगळ्यांदेखत ‘अक्कल गहाण ठेवलीस काय रे?’ ऐकलेला हेल्पर आज शेफना ते सांगायला जाईल? एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात अमेरिकी इस्पितळांतल्या औषधांच्या चुका मोजल्या, तेव्हा चांगल्या पथकांतच चुका जास्त नोंदलेल्या निघाल्या. तिथे चुका बोलून दाखवायची भीती नव्हती, असं त्यांचं स्पष्टीकरण आहे.

म्हणून दयाळूपणा म्हणजे चुकीकडे काणाडोळा, हा समज मला साफ चुकीचा वाटतो. ‘सिस्टर, हे औषध उशिरा का गेलं?’ या प्रश्नाला उत्तर मिळू शकतं: वॉर्डात साठा नव्हता, दोन वॉर्ड एकटीकडे होते. ‘तुम्हाला एवढं साधंही जमत नाही?’ याला उत्तरच नाही. पहिला प्रश्न कडक आवाजातही चालेल, शक्यतो बाजूला बोलावून.

हे वळण लावता येतं का? अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या इस्पितळांत 2005 पासून ‘क्रू’ नावाचा उपक्रम चालला. प्रत्येक विभागातली माणसं ठरावीक दिवसांनी बसून आपण एकमेकांशी कसं वागतो यावरच बोलत. हाच उपक्रम कॅनडातल्या इस्पितळांत सहा महिने राबवल्यावर सौजन्य वाढलं, कामाबद्दलची कटुता आणि गैरहजेरी कमी झाली. माद्रिदमध्ये कोका-कोलाच्या कर्मचाऱ्यांवर झालेला प्रयोग 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही जणांना ठरलेल्या सहकाऱ्यांसाठी चार आठवडे छोटी-छोटी चांगली कामं करायला सांगितली होती. ज्यांना ती मिळाली, त्यांनी इतरांपेक्षा 278 टक्के जास्त चांगुलपणा पुढे दाखवला. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण माणसं शंभराच्या आसपास आणि नोंदी त्यांनीच दिलेल्या, हेही लक्षात ठेवायला हवं.

त्यापेक्षा मला ‘क्रू’ जास्त पटतो. भिंतीवर ‘हसतमुख राहा’चा फलक लावण्यात काही खर्च नाही, सगळ्या विभागाला कामाच्या वेळेत तासभर बसवायचं तर ड्युटीचं वेळापत्रक बदलावं लागतं, आणि ते वरच्या साहेबाच्याच हातात असतं.