मालिकांमधला निळा उजेड आणि ल्युमिनॉलची खरी चाचणी

'सीआयडी' १९९८ साली सुरू झाली, अमेरिकेतली 'सीएसआय' २००० साली. डॉ. साळुंखे एवढ्या झटपट अहवाल कसा देतात, हा चाहत्यांच्या गप्पांमधला हक्काचा विषय. पण गुन्हेकथा मालिकांमधली वेळेपेक्षा मोठी गल्लत निळ्या उजेडाची आहे. पडद्यावर फवारणी होते, वर निळा दिवा धरला जातो आणि रक्त झळाळतं. इथे दोन वेगळ्या पद्धती एकत्र झाल्या आहेत.

अतिनील दिव्याखाली रक्त चमकत नाही. हिमोग्लोबिन तो प्रकाश शोषून घेतं, म्हणून डाग काळपट दिसतो. दिव्याखाली चमकतात ते वीर्याचे डाग, लघवी आणि धुण्याच्या पावडरीतले कपडे उजळवणारे पदार्थ. ल्युमिनॉल हे रक्ताचा माग काढण्यासाठी फवारलं जाणारं रसायन. त्याला दिवाच लागत नाही, त्याला लागतो मिट्ट काळोख. अल्कधर्मी द्रावणात पेरॉक्साइड असताना हिमोग्लोबिनमधलं लोह अभिक्रियेचा वेग वाढवतं आणि साधारण ४२५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश बाहेर पडतो. गुन्हे तपासात त्याचा वापर वाल्टर श्पेख्त यांनी १९३७ साली सुचवला.

प्रचलित कृतीत १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ०.१ ग्रॅम ल्युमिनॉल, ५ ग्रॅम सोडियम कार्बोनेट आणि ०.७ ग्रॅम सोडियम परबोरेट घालतात. द्रावण ताजंच वापरायचं, कारण ते टिकत नाही. कॅमेरा आधीच ट्रायपॉडवर बसवून नेमका रोखून ठेवावा लागतो. चमक जेमतेम अर्धा मिनिट टिकते, तेवढ्यात छायाचित्रासाठी शटर बराच वेळ उघडं ठेवायचं असतं. फवारा धुक्यासारखा बारीक हवा. थेंब जाड पडले की उभ्या भिंतीवरचा डाग ओघळतो, शिंतोड्यांचा आकार पुसला जातो. रक्त किती उंचीवरून, कोणत्या दिशेने उडालं हे त्या आकारावरूनच कळतं, त्यामुळे हे नुकसान भरून येत नाही.

आता फसगतीचं. ब्लीचने पुसलेली फरशी चमकते. तांबं चमकतं. मुळा, सलगम यांच्यातल्या पेरॉक्सिडेज विकरामुळेही उजेड दिसू शकतो, म्हणजे आपल्याकडच्या स्वयंपाकघरात ही चाचणी फार जपून वाचायला हवी. बकऱ्याचं रक्तही चमकतंच. ब्लीचची चमक सहसा पटकन लखलखून विझते, पण केवळ नजरेच्या अंदाजावर निष्कर्ष काढणं धोक्याचं.

म्हणून पुढे फिनॉल्फ्थॅलिनची चाचणी. बोळ्यावर डाग घेऊन आधी अल्कोहोल, मग फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण, शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड. त्यानंतर लगेच गुलाबी रंग आला, तर रक्ताची शक्यता. पेरॉक्साइड घालण्याआधीच गुलाबी रंग आला, तर तो दुसऱ्याच एखाद्या ऑक्सिडीकारकाचा. आणि बोळा बराच वेळ तसाच ठेवला तर हवेनेही गुलाबी होतो, त्यामुळे रंग काही सेकंदांतच पाहायचा. ही चाचणीही शक्यताच सांगते. रक्त माणसाचं आहे का, हे पाहायला गर्भधारणा चाचणीसारखी पट्टी असते, तिलाही वानरवर्गातल्या काही प्राण्यांचं रक्त चकवतं.

रक्त कोणाचं, हे डीएनएवरून ठरतं. उजेड देणारं हिमोग्लोबिन तांबड्या पेशींतलं, आणि माणसाच्या परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसतं. डीएनए मिळतो पांढऱ्या पेशींतून, ज्या संख्येने खूपच कमी असतात. धुतलेल्या फरशीच्या सांध्यांत ठळक चमक दिसूनही डीएनए हाती लागत नाही, त्याचं एक कारण हे. फवारणी कमीत कमी ठेवून, छायाचित्र होताच नमुना उचलायचा आणि शेजारच्या चमक नसलेल्या जागेचाही एक बोळा सोबत घ्यायचा. तुलनेसाठी तो नसेल, तर त्या पृष्ठभागाचा स्वतःचा परिणाम वेगळा काढता येत नाही.