झाडाआडून झाडलेल्या गोळ्यांनी अमेरिका जिंकली?

वर्षानुवर्षं फिरणारा मजकूर असा: ‘लाल डगलेवाले इंग्रज मूर्खासारखे रांगेत चालत राहिले, अमेरिकन शेतकऱ्यांनी झाडाआडून त्यांना टिपलं आणि देश स्वतंत्र केला.’

ही गोष्ट हवेतून आलेली नाही. १९ एप्रिल १७७५ ला काँकर्डहून बोस्टनकडे परतणाऱ्या इंग्रज तुकडीवर वाटेत झाडांआडून, दगडी कुंपणांआडून खरोखरच गोळीबार झाला. पण तो पहिला दिवस. युद्ध त्यानंतर आठ वर्षं चाललं.

रांगेचं म्हणाल तर त्या काळची मस्केट, म्हणजे गुळगुळीत नळीची साधी बंदूक, शंभर पावलांपलीकडे नेम धरून मारण्याच्या कामाची नव्हती, म्हणून सगळ्यांनी रांगेत उभं राहून एकदम बार काढायचा. शिकारी रायफलचा नेम चांगला, पण ती भरायला वेळ लागे आणि तिला संगीन बसत नसे. समोरून संगिनी रोखून लोक धावत आले की रायफलवाल्याची पंचाईत! म्हणूनच १७७८ च्या सुरुवातीला व्हॅली फोर्जच्या छावणीत, थंडीत, अमेरिकन सैनिकांनीही रांगेची कवायत गिरवली.

आणि फ्रान्स? मजकुरात तो नसतोच. सुरुवातीची बरीचशी बंदुकीची दारू तिथूनच आली. १७८१ मध्ये फ्रेंच आरमाराने चेसापीक उपसागराचं तोंड अडवलं, त्यामुळे त्याच्या काठच्या यॉर्कटाउन गावातल्या इंग्रज फौजेची समुद्राकडची वाट बंद झाली; तिच्या शरणागतीनेच युद्धाचा निकाल लागला. जमिनीवरच्या वेढ्यातही हजारो फ्रेंच होते.

पडताळायचं असेल तर यॉर्कटाउनच्या शरणागतीच्या अटी इंटरनेटवर सहज सापडतात. पहिल्याच वाक्यात ‘अमेरिका आणि फ्रान्सच्या संयुक्त फौजा’ असा उल्लेख आहे.