सुई डोळ्यामागून हटली, जबड्यात राहिली

नागपुरात मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात) मोतीबिंदूसाठी आणि शासकीय दंत महाविद्यालयात दाढेसाठी गेलेल्या रुग्णांना बहुतेकदा एकाच औषधाने भूल दिली जाते: २ टक्के लिग्नोकेन. दोन्ही भुली जन्मल्याही एकाच वर्षी. सप्टेंबर १८८४मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांचा शोध हायडेलबर्गच्या नेत्रपरिषदेत मांडला गेला: कोकेनचे थेंब टाकले की डोळा सुन्न होतो. वर्ष संपायच्या आत न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेड आणि सहकाऱ्यांनी कोकेन टोचून खालचा जबडा बधिर केला. हॉलस्टेड पुढे कोकेनच्याच व्यसनात अडकले. १९०५च्या सुमारास नोव्होकेन हे नवे भुलीचे औषध आले, तर लिग्नोकेन स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झाले.

पुढे डोळ्याची खरी प्रगती औषधापेक्षा सुईच्या जागेत झाली. पूर्वी सुई थेट नेत्रगोलामागच्या स्नायूंच्या शंकूत जाई. २ ते ४ मिलिलिटर पुरे, पण रक्तस्राव, डोळ्याला छिद्र आणि क्वचित औषध दृष्टिनाडीच्या आवरणातून मेंदूकडे जाऊन श्वास थांबणे, हे धोके होते. जास्त मायनस नंबरचा डोळा लांबट असतो, म्हणून त्याला छिद्राची भीती अधिक. १९८६मध्ये पेरिबल्बर पद्धत प्रसिद्ध झाली: सुई शंकूबाहेर, लिग्नोकेन आणि बुपिव्हाकेन (जास्त वेळ टिकणारे भुलीचे औषध) यांचे मिश्रण ५ ते ८ मिलिलिटर, सोबत औषध पसरवणारे हायल्युरोनिडेज, मग पापणीवर हलका दाब आणि दहाएक मिनिटे धीर. घाई केली तर डोळा हलत राहतो. १९९०च्या दशकात सुईऐवजी बोथट टोकाची नळी (कॅन्युला) आली आणि फेकोसाठी (छोट्या छेदातून मोतीबिंदू फोडून काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी) तर नुसते थेंबही पुरू लागले.

खालच्या दाढेला ही सूट नाही. तिथले हाड जाड, औषध झिरपत नाही. म्हणून नस जबड्याच्या हाडात शिरते त्याच्या जरा वर, साधारण १.८ मिलिलिटर औषध, रक्तवाहिन्या आकसवून भूल टिकवणाऱ्या ॲड्रेनलिनसह, सोडावे लागते. आधी पिस्टन मागे ओढून रक्त येत नाही ना, हे पाहायचेच. ओठ सुन्न झाला नाही तर सुई बहुधा त्या जागेच्या खाली टोचली गेलेली असते. ओठ सुन्न, तरी दाढ ठणकतेय? सुजलेल्या जागी आम्लता वाढते, औषध नसेच्या पडद्यातून कमी शिरते.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा भूल कमी पडण्याचे आणखी एक कारण जोडले जाते. उन्हात तापलेल्या बाटलीतले ॲड्रेनलिन कमजोर होते, मग भूल लवकर उतरते. हायल्युरोनिडेजची कुपीसुद्धा लेबलवर लिहिलेल्या तापमानालाच ठेवायची.