सुआलकुची
सुआलकुची : आसाम राज्याच्या कामरूप जिल्ह्यातील लहान असमियाभाषक शहर व रेशमी विणकामाचे केंद्र. ते ब्रह्मपुत्रेच्या उत्तर तीरावर, गुवाहाटीपासून सुमारे ३५ किमी.वर असून हाजो हे तीर्थक्षेत्र जवळच आहे. नावातील आद्य ध्वनी असमियात ‘ख’ आणि ‘ह’ यांच्या दरम्यानचा घर्षक आहे; देवनागरीत तो नेमका दाखवता येत नाही. मुगा रेशीमकिडे ज्यावर पोसतात त्या ‘सोवालू’ वृक्षावरून हे नाव पडले, असे सामान्यतः मानतात.

कामरूपच्या पाल वंशातील धर्मपालाने तांतीकुचीहून (बरपेटा परिसर) २६ विणकर कुटुंबे आणून येथे वसवली, अशी परंपरा आहे. तिचा काळ अकरावे शतक सांगतात. पण धर्मपालाची कारकीर्द काही अभ्यासक अकराव्या शतकाच्या मध्यास, तर काही बाराव्याच्या आरंभी धरतात. त्याचे उपलब्ध ताम्रपट ब्राह्मणांना दिलेल्या भूमिदानांचे आहेत, त्यामुळे ही कथा मुख्यत्वे परंपरेवरच उभी आहे. दुसऱ्या मतानुसार विणकामाच्या संघटनेचे श्रेय अहोम राजा प्रतापसिंह (कार. १६०३–४१) याचा अधिकारी व अहोम सेनापती लाचित बरफुकनाचा पिता मोमाई तामुली बरबरुआ याला जाते. मात्र १६३९ च्या अहोम-मोगल तहात उत्तर तीरावर बरनदी ही सीमा ठरून तिच्या पश्चिमेचा मुलूख, हाजो व सुआलकुचीसह, मोगलांकडे राहिला. १६८२ मधील इटाखुलीच्या लढाईनंतरच तो अहोमांकडे स्थिरावला. तेव्हा येथील राजाश्रय त्यानंतरचा मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

पूर्वी येथे तेलघाणी, सोनारकाम व कुंभारकामही चाले आणि विणकाम तांतीपाड्यातील तांती (विणकर) समाजापुरतेच होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादापासून, विशेषतः दुसऱ्या महायुद्धातील मागणीमुळे, इतर जातींनीही माग घेतले. बाकीचे धंदे मागे पडले. आसामात अन्यत्र विणकाम घरच्या स्त्रियांचे. येथे मात्र मालक, पगारी विणकर आणि व्यापारी अशी रचना आहे. विणकरांत बाहेरगावहून आलेल्या बोडो स्त्रिया पुष्कळ आहेत. मेखला-चादर (आसामी स्त्रियांचा दोन भागांचा पोशाख) हे मुख्य उत्पादन. ते मुगा (नैसर्गिक सोनेरी) व पाट (तुतीचे रेशीम) यांचे असते. पाटाचे सूत बव्हंशी कर्नाटकातून येते. एंडी हे तिसरे आसामी रेशीम येथे गौण असून त्याचे किडे एरंडाच्या पाल्यावर वाढतात.

९ जानेवारी १९४६ रोजी महात्मा गांधींनी येथे भेट दिली. आसामच्या मुगा रेशमाला २००७ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले, तरी यंत्रमागावरील बनारसी कापड स्थानिक म्हणून विकले जाण्यावरून मार्च २०१३ मध्ये येथे उग्र आंदोलन झाले.

सामाजिक जीवन नामघर (वैष्णवांचे सामुदायिक प्रार्थनागृह) व बिहू सण यांभोवती फिरते. बोहाग बिहूपूर्वीचे (एप्रिलमधील नववर्षाचा बिहू) आठवडे मागांवर सर्वाधिक गर्दीचे असतात. टेकडीवरील सिद्धेश्वर मंदिर प्रसिद्ध आहे.