वसईचा वेलस्ली आणि असईचा वेलस्ली

‘लॉर्ड वेलस्लीने असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांचा पराभव केला.’ हे वाक्य स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये मी इतक्यांदा खोडलंय की आता ते दिसायच्या आधीच हात पेन्सिलीकडे जातो. त्यात ‘लॉर्ड’ हा एकच शब्द चुकलाय, पण त्याने माणूसच बदलतो.

वेलस्ली दोन, सख्खे भाऊ. थोरला रिचर्ड तुम्हाला पाठ आहे. १७९८ ते १८०५ गव्हर्नर जनरल, तैनाती फौज, ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह. आर्थर त्याचा नऊ वर्षांनी धाकटा भाऊ, पेशाने शिपाईगडी. इथवर कुणी अडखळत नाही.

अडखळतात ते पदव्यांपाशी. आपण ‘लॉर्ड’ला ‘श्रीमंत’सारखं समजतो, कुणाच्याही आडनावामागे लावतो. तिकडे तसं चालत नाही. बापाची सरदारकी एकट्या थोरल्याला मिळते, धाकटे कोरडेच राहतात. १७९९ मध्ये रिचर्ड मार्क्विस (ड्यूकच्या एक पायरी खालचा सरदार) झाला आणि पदवीचं नाव म्हणून त्याने घराण्याचं आडनावच घेतलं. म्हणून ‘लॉर्ड वेलस्ली’ म्हणजे फक्त रिचर्ड. असईला आर्थर नुसता मेजर जनरल होता. १८०४ मध्ये तो ‘सर’ झाला. १८०९ मध्ये लॉर्ड झाला तो वेलिंग्टन या नावाने. थोडक्यात, आर्थर एक दिवससुद्धा लॉर्ड वेलस्ली नव्हता. त्यात १८१२ मध्ये तोही मार्क्विस झाला. एका घरात दोन मार्क्विस, एक वेलस्ली, एक वेलिंग्टन! १८१४ मध्ये धाकटा ड्यूक होऊन थोरल्याच्या वर गेला. त्याला असईपासूनच ‘वेलिंग्टन’ म्हणणारे मला चालतात. लॉर्ड वेलस्ली म्हणणारे नाही.

रिचर्डने हिंदुस्थानात एकही लढाई स्वतः लढवली नाही. २३ सप्टेंबर १८०३ ला केळणा नदीच्या काठी उभा होता तो आर्थर. पलीकडे शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि तोफा. वाटाडे सांगत होते, इथे उतार नाही. आर्थरला दुर्बिणीतून दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. एवढी जवळ वसलेली गावं एकमेकांकडे येत-जात नसतील? उतार असणारच, असं त्याने धरलं, आणि तो होता. दिवस संपेपर्यंत त्याचे दीड हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. त्याचा एक घोडा गोळीने गेला, दुसऱ्याला भाला लागला. पुढे कर्तबगारीचा विषय निघाल्यावर तो नेपोलियनला हरवलं त्या वॉटर्लूचं नाही, असईचं नाव घ्यायचा, असं सांगतात.

इंग्लंडात म्हणूनच सगळा मान आर्थरचा. १८५२ मध्ये त्याला लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये आरमारी सेनानी नेल्सनशेजारी पुरलं. थोरला ईटनच्या शाळेच्या चॅपलमध्ये आहे. आपल्या इतिहासात मात्र मी रिचर्डलाच वरचं पान देईन. असईत एक फौज हरली, वसईच्या कागदाने पेशवाच बांधला गेला.

आणि हो, सांगलीचं विलिंग्डन कॉलेज या दोघांपैकी कुणाचंच नाही. तो विलिंग्डन विसाव्या शतकातला, मुंबईचा गव्हर्नर. मुंबईत रीगलसमोरचं वेलिंग्टन कारंजं मात्र आर्थरचं.