पार्श्वभूमी: संपादकीय कॅलेंडरचा पहिला रकाना

२०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. त्यामुळे २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला आलेला दसरा २०२६ मध्ये २० ऑक्टोबरला आहे. नागपुरात मराठीतून नियमित लिहिणाऱ्या, वर्षभराचे लेख आधी आखून ठेवणाऱ्या मंडळींना मागच्या वर्षाची शीट जशीच्या तशी उतरवून घेता येणार नाही. अधिक महिना आला की दर वेळी तोच वाद उकरला जातो: संपादकीय कॅलेंडरचा, म्हणजे कोणता लेख कधी लावायचा या तक्त्याचा, पहिला रकाना तारखेचा असावा, की तिथीचा?

मराठी नियतकालिकांना वेळापत्रक जन्मापासून चिकटलेलं आहे. ६ जानेवारी १८३२ ला निघालेलं ‘दर्पण’ सुरुवातीला पाक्षिक होतं, काही महिन्यांतच साप्ताहिक झालं. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला आणि वर्षातला एक मुक्काम सगळ्यांसाठीच पक्का झाला. दिवाळी अंकाचा हिशोब उलटा चालतो. लक्ष्मीपूजनाच्या आधी अंक स्टॉलवर हवा, म्हणून छपाई कधी, म्हणून मॅटर कधी हातात, म्हणून लेखकाला पत्र कधी, असं मागे मागे येत उन्हाळ्यापर्यंत पोचायचं. यात सगळं तिथीवर बेतलेलं असे आणि कोणाला त्याचं काही वाटत नसे. छापखान्याच्या भिंतीवर पंचांग टांगलेलंच असायचं.

‘संपादकीय कॅलेंडर’ हा शब्द मात्र बाहेरून आला, आणि गोंधळ घेऊनच आला. इंग्रजी मासिकांच्या धंद्यात असं कॅलेंडर जाहिरातदारांच्या हाती देण्यासाठी छापलं जाई: मार्चच्या अंकात घर, जूनच्या अंकात प्रवास, तर त्या त्या विषयाच्या जाहिराती आधीच राखून ठेवा. म्हणजे कागदावर नाव संपादकाचं, पण तो फिरायचा जाहिरात विभागातून. तिथे ‘एडिटोरियल’ म्हणजे जाहिरात सोडून उरलेला सगळा मजकूर. मराठीत ‘संपादकीय’ म्हणजे अग्रलेख. त्यामुळे ‘संपादकीय कॅलेंडर’ म्हटलं की जुन्या उपसंपादकाला वाटतं, कोणत्या दिवशी कशावर अग्रलेख लिहायचा याची यादी असावी. ‘संपादकीय दिनदर्शिका’ त्याहून फसवी, कारण दिनदर्शिका म्हणजे भिंतीवरची, दूधवाल्याचे खाडे लिहायची. ‘मजकूर नियोजन’ अर्थाने बरोबर आहे, पण कोणी बोलत नाही. बोलताना सगळे ‘कंटेंट कॅलेंडर’ किंवा नुसतं ‘शीट’ म्हणतात. खरं तर ‘जंत्री’ हा शब्द होता. तारखा, तिथी, सण, नक्षत्रं एका जागी मांडलेला तक्ता. तो मेला आणि त्याच्याबरोबर त्यातले तीन-चार रकानेही गेले, असं माझं मत आहे.

लिहून थेट इंटरनेटवर टाकायची साधनं भराभर आली. ‘ब्लॉगर’ १९९९ चं, वर्डप्रेस २००३ चं. युनिकोड रुळल्यावर मराठी लिहिणारे वाढले आणि ‘सुचेल तेव्हा लिहू’ हा पहिला जमाना फार टिकला नाही. २००६ मध्ये गूगलची ऑनलाइन स्प्रेडशीट आणि कॅलेंडर दोन्ही आली, २०११ मध्ये कामं मांडून ठेवायचं ट्रेलो. लेख आधी लिहून वेळ लावून ठेवायची सोय रोजच्या सवयीची झाली. त्यातल्या दोन खोड्या अनेकांना उशिरा कळल्या. वर्डप्रेसचं घड्याळ मुळात ग्रिनिचच्या वेळेवर असतं. सेटिंग बदललं नाही, तर सकाळी ६ ला लावलेला लेख आपल्याकडे ११:३० ला लागतो. दुसरी खोड अशी की त्याचा आतला गजर कोणी साइट उघडली तरच वाजतो. पहाटे वाचक नसलेल्या छोट्या मराठी साइटवर लेख वेळ टळून गेल्यावर बाहेर पडायचे आणि लिहिणारा इंटरनेट कंपनीला शिव्या घालायचा.

हे झालं तांत्रिक. मूळ तंटा कॅलेंडरच्या साधनांतल्या ‘दरवर्षी पुन्हा’ या एका खुणेचा आहे. या सगळ्या साधनांनी गृहीत धरलं की वर्ष तारखेनं परत येतं. नागपूरचं वर्ष तसं येत नाही.

मारबतीचं उदाहरण घ्या. मारबत म्हणजे रोगराई आणि संकटं घेऊन जावी म्हणून मिरवून जाळायचा पुतळा. पोळा श्रावण अमावास्येला, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, आणि त्याच दिवशी काळी-पिवळी मारबत निघते. २०२२ मध्ये ही मिरवणूक २७ ऑगस्टला होती, २०२३ मध्ये श्रावण अधिक आल्याने १५ सप्टेंबरला. तेव्हा मी ज्या साइटसाठी लिहीत होतो तिथे २०२२ ची शीट उतरवून फक्त साल बदललं होतं. ‘घेऊन जा गे मारबत’ या मथळ्याचा लेख २७ ऑगस्ट २०२३ ला सकाळी थाटात लागला. अधिकानंतरचा खरा, म्हणजे निज, श्रावण अर्धाही सरला नव्हता आणि आम्ही मारबतीला निरोप देऊन बसलो होतो. चूक शीट उतरवणाऱ्याची म्हणून विषय संपवला गेला. मला ते तेव्हाही पटलं नाही, कारण शीटमध्ये अमावास्या कुठे लिहिलेलीच नव्हती.

याहून नाजूक प्रश्न दीक्षाभूमीचा. धम्मदीक्षेचा सोहळा १४ ऑक्टोबर १९५६ ला झाला आणि त्या दिवशी विजयादशमी होती. तेव्हा तारीख आणि तिथी एकच होती, नंतर त्या फुटल्या. दीक्षाभूमीवरचा मुख्य सोहळा अशोक विजयादशमीला, म्हणजे दसऱ्याला होतो, आणि १४ ऑक्टोबर ही तारीखही पाळली जाते. २०२२ मध्ये दसरा ५ ऑक्टोबरला, २०२३ मध्ये २४ ला, २०२४ मध्ये १२ ला. अंतर कधी दोन दिवसांचं, कधी दहा. मग लेख कधी लावायचा? तारीखवाल्यांचं म्हणणं, इतिहासाला तारीख असते, १४ म्हणजे १४. तिथीवाल्यांचं म्हणणं, लाखो माणसं ज्या दिवशी शहरात उतरतात त्या दिवशी वाचकाला माहिती हवी: गाड्या कुठे थांबतील, पाणी कुठे मिळेल, रस्ते कोणते बंद. दोघंही बरोबर आहेत, आणि म्हणूनच एका ओळीत हे मावत नाही. काहींनी दोन ओळी केल्या: १४ ऑक्टोबरला इतिहासाचा लेख, दसऱ्याच्या तीन दिवस आधी उपयोगाचा. हा तोडगा मला सर्वांत शहाणा वाटतो, पण दोन लेख म्हणजे दुप्पट काम, आणि छोट्या गटात ते कोण करणार यावर पुन्हा घोडं अडतं. शिवजयंतीबाबत सरकारने १९ फेब्रुवारी स्वीकारली, तरी फाल्गुन वद्य तृतीयेची ओळ शीटमधून काढायची कोणाची हिंमत होत नाही.

तिथीवाल्यांची बाजू घेताना एक गोष्ट सांगायला हवी, जी ते स्वतः सांगत नाहीत. पंचांगातलं सगळंच सरकत नाही. नक्षत्रं सूर्यावर चालतात. मृग ७-८ जूनला लागतो, अधिक महिना असो वा नसो. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, २५ मेच्या सुमारास सुरू होतो, कारण सूर्य रोहिणीत जातो. संत्र्याचे बहारही ऋतूवर: आंबिया बहाराची फळं ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारीनंतर. म्हणजे नागपूरचा उन्हाळा आणि संत्री यांचे लेख तारखेनं बिनधास्त बांधता येतात. तिथीनं बांधायला गेलं तर तेच चुकतील. ‘आपलं सगळं तिथीवर’ हे वाक्य बैठकीत टाळ्या घेतं, शीटमध्ये खड्डा पाडतं.

तिसरा प्रकार असा, जो तारखेलाही ऐकत नाही आणि तिथीलाही. १९५३ च्या नागपूर करारात दरवर्षी विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन इथे भरवण्याचं ठरलं आणि डिसेंबर म्हणजे अधिवेशन हे शहराच्या अंगवळणी पडलं. मोर्चे, बंद रस्ते, भरलेली हॉटेलं, सगळे लेख ठरलेले. २०१८ मध्ये मात्र पावसाळी अधिवेशन जुलैत नागपुरात आलं आणि ६ जुलैच्या मुसळधार पावसात विधानभवनाची वीज गेली. हिवाळी अधिवेशन त्या वर्षी मुंबईत झालं. २०२० मध्ये करोनामुळे आणि २०२१ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या प्रकृतीमुळे ते मुंबईतच झालं, थेट १९ डिसेंबर २०२२ ला इथे परतलं. थंडीतल्या मोर्चांवर आधीच लिहून ठेवलेले लेख तोवर शिळे झाले होते.

आता काही जणांनी पहिल्या रकान्यात तारीखही नाही आणि तिथीही नाही, प्रसंगाचं नाव टाकायला सुरुवात केली आहे. दुसऱ्या रकान्यात तो कशावर चालतो: तारीख, तिथी, नक्षत्र, की सरकारी निर्णय. तारीख तिसऱ्या रकान्यात, आणि ती नवं पंचांग व सुट्ट्यांची अधिसूचना समोर ठेवून दरवर्षी हाताने भरायची. ‘दरवर्षी पुन्हा’ची खूण फक्त तारीख आणि नक्षत्राच्या ओळींना. मारबतीच्या ओळीत आणखी एक सोय केलेली दिसते: काळ्या-पिवळ्या मारबतीचा इतिहास आधी लिहून ठेवायचा, बडग्यांची, म्हणजे मिरवणुकीत निघणाऱ्या टीकेच्या पुतळ्यांची, जागा मोकळी सोडायची. यंदा कोणाचे बडगे निघणार हे मिरवणुकीच्या तोंडावरच कळतं.